मागच्या रांगेतील नावे : प्राध्यापक-कार्यकर्त्याचा छायाचित्रसंग्रह कसा लावावा

विद्यापीठात शिकवणारी आणि त्याच वेळी चळवळीत उतरलेली माणसे महाराष्ट्रात कमी नव्हती. त्यांची पुस्तके ग्रंथालयांत जातात, लेखांचे संकलन कोणी तरी विद्यार्थी करतो, पत्रव्यवहारही कधी छापला जातो. फोटो मात्र घरातल्या लोखंडी कपाटात, मिठाईच्या खोक्यांत आणि स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटांत पडून राहतात. मग घर आवरण्याची वेळ येते, कुटुंबातील कोणी 'चांगले' तेवढे फोटो निवडून स्कॅन करते आणि अंधूक, गर्दीचे, ओळखू न येणारे फोटो रद्दीत जातात. असा संग्रह हाती आलेले कुटुंबीय, विद्यार्थी आणि महाविद्यालयांचे ग्रंथपाल यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. संग्रह छापील फोटो आणि निगेटिव्ह यांचा, म्हणजे साधारण १९५० ते २००५ या काळातला आहे, असे येथे धरले आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. सरांचा किंवा बाईंचा चेहरा वर्तमानपत्रांत, गौरवग्रंथात आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर आधीच जपला गेलेला आहे. या संग्रहातच असलेली आणि इतरत्र कोठेही नसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या आजूबाजूची माणसे : परिषदेत सतरंजीवर बसलेल्या बाया, मोर्चात फलक धरलेला शेतमजूर, शिबिरात भाकरी थापणाऱ्या कार्यकर्त्या, अभ्यासवर्गातला मागच्या रांगेतला मुलगा. त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून माझे आग्रहाचे मत असे आहे की, स्कॅनरची खरेदी पुढे ढकलली तरी चालेल, नावे विचारणे पुढे ढकलता येत नाही.

प्रथम मूळ क्रम नोंदवावा

कपाट उघडल्यावर पाकिटांना हात लावण्याआधी कपाटाचे, प्रत्येक कप्प्याचे आणि प्रत्येक खोक्याचे मोबाइलवर फोटो काढावेत. त्यानंतर प्रत्येक खोक्याला, खोक्यातल्या प्रत्येक पाकिटाला आणि अल्बमला क्रमांक द्यावा आणि एका जाड नोंदवहीत तो लिहावा. पाकिटावर जे काही लिहिले असेल, अगदी 'धुवायचे राहिले' एवढेच असले तरी, ते अक्षरशः उतरवून घ्यावे. पाकिटातले फोटो बाहेर काढले तर त्याच क्रमाने परत ठेवावेत.

या क्रमाला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की, एका रोलवर बारा किंवा छत्तीस फोटो निघत आणि ते बहुतेक एकाच पाकिटात येत. मोर्चा कोठून निघाला, पाऊस कधी आला, कचेरीच्या दारात कोण पुढे झाले, हे त्या क्रमातून वाचता येते. प्राध्यापक-कार्यकर्त्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते : एकाच रोलवर आधी विद्यापीठातले चर्चासत्र, मग दुष्काळी कामावरील मजुरांची सभा आणि शेवटी घरातल्या मुलीचा वाढदिवस असतो. हौशी संपादक अशा वेळी 'शैक्षणिक', 'सामाजिक' आणि 'कौटुंबिक' असे तीन ढीग करतात. माझ्या मते अशा संग्रहाचे सर्वांत मोठे नुकसान याच वर्गवारीने होते. त्या व्यक्तीच्या आयुष्यात हे तीन भाग वेगळे नव्हते; चर्चासत्राला आलेली पाहुणी संध्याकाळी सभेत बोलली असेल आणि रात्री त्याच घरी जेवली असेल. विषयवार शोध घेण्याची सोय सूचीतून करता येते. त्यासाठी फोटोंची पाकिटे फोडण्याचे कारण नाही.

फोटोंबरोबर पत्र, पत्रक, हँडबिल किंवा परिषदेचा कार्यक्रम सापडला तर तो कागद वेगळ्या पाकिटात ठेवावा, कारण वर्तमानपत्री कागदातले आम्ल फोटोला पिवळा करते. मात्र दोन्हीकडे एकमेकांचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे.

जीवनपट तयार करावा

फोटो पाहण्याआधी त्या व्यक्तीचा जीवनपट एका मोठ्या कागदावर मांडला, तर पुढचे निम्मे काम सोपे होते. उदाहरण म्हणून समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि चळवळीतल्या कार्यकर्त्या गेल ऑम्वेट यांचे आयुष्य घेऊ. १९४१ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जन्म. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करून १९७३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी.; १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे वास्तव्य; १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व; श्रमिक मुक्ती दलाचे आणि ग्रामीण स्त्रियांच्या चळवळीचे काम; पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाची जबाबदारी; २५ ऑगस्ट २०२१ रोजी निधन. एवढ्या नोंदी समोर असल्या की, अशा अभ्यासकाच्या संग्रहातला एखादा फोटो संशोधनासाठी गावोगाव फिरतानाचा आहे की विद्यापीठातल्या काळातला, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

या पटात नोकरी, चळवळ आणि घर असे तीन उभे रकाने करावेत आणि चौथ्या रकान्यात महाराष्ट्रातल्या सार्वजनिक घटना लिहाव्यात : १९७२ चा दुष्काळ, जून १९७५ ते मार्च १९७७ ची आणीबाणी, २७ जुलै १९७८ चा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विधिमंडळातील ठराव, नामांतरासाठीचा १९७९ चा लाँग मार्च, १९८० मधील बलात्कारविरोधी निदर्शने, १८ जानेवारी १९८२ पासूनचा मुंबईतील गिरणी संप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्या व्यक्तीच्या आवडीप्रमाणे आणि भागाप्रमाणे हा रकाना बदलेल. कॅमेरा कोणत्या वर्षी घरात आला आणि तो कोण वापरत असे, हेही घरच्यांना विचारून येथेच लिहावे. कारण संग्रहधारक स्वतः फोटो काढत असतील तर अनेक प्रसंगांत ते दिसणार नाहीत, आणि 'यात सर नाहीत' म्हणून नेमके तेच फोटो बाजूला टाकले जातात.

हाताळणी आणि साठवण

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. निगेटिव्हसाठी पातळ नायट्राइल हातमोजे घालावेत. फोटो नेहमी कडेने धरावा. पाठीमागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि फक्त क्रमांक लिहावा. १९७० च्या दशकापासून रूढ झालेल्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटोकागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा तेथे क्रमांक पाकिटावर लिहावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उठून दिसतो आणि शाई कालांतराने पसरते.

रबरबँड, टाचण्या आणि यू-पिना काढून टाकाव्यात. रबरातील गंधक चांदीच्या प्रतिमेला काळवंडून टाकते आणि टाचणीचा गंज कागदात उतरतो. सेलोटेप ओढून काढू नये. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. फोटोंच्या कपाटात त्या अजिबात ठेवू नयेत. फोटोला लॅमिनेशन करणे म्हणजे तो कायमचा अडकवून टाकणे होय, आणि दुकानदार कितीही आग्रह करो, ते करू नये.

चिकट पानांचे आणि वरून पारदर्शक कागद असलेले अल्बम १९७० ते १९९० च्या दशकांत घरोघरी आले. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटो पानाला धरून बसतो. अशा अल्बमचे प्रत्येक पान आधी आहे तसे पूर्ण स्कॅन करावे किंवा त्याचा फोटो घ्यावा, मग फोटो सहज सुटत असेल तरच तो बिनमेणाच्या दंतधाग्याने हळूच सोडवावा. सुटत नसेल तर ओढाताण न करता पान तसेच ठेवावे. काळ्या पानांचे, कोपरे लावलेले जुने अल्बम बहुधा चांगल्या स्थितीत असतात. ते मोडण्याची गरज नसते, दोन पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घातला की पुरते.

नव्या पाकिटांसाठी आम्लविरहित कागद, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरावे. तीव्र वासाचे मऊ पीव्हीसी वापरू नये. त्यातून सुटणारी द्रव्ये फोटोच्या पृष्ठभागाला चिकटतात. लाकडी कपाटापेक्षा रंग दिलेले लोखंडी कपाट चांगले. ते बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर, जमिनीपासून वीतभर उंच आणि घराच्या मधल्या खोलीत असावे. माळ्यावर पत्र्याखाली उष्णता फार होते, तळघरात ओल येते. फोटोवरील जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि त्यावर बुरशी धरते; म्हणून सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी असा प्रयत्न करावा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे घरगुती साधनांनी साधणे अवघड आहे. तेथे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेल घालून, ते वेळोवेळी सुकवून पुन्हा वापरणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

२०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूर भागात भिजलेल्या कागदपत्रांचा प्रश्न अनेकांसमोर उभा राहिला. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की बहुधा वेगळे होत नाहीत. त्यामुळे ते ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात सोडून अलगद सुटे करावेत आणि प्रतिमा वर ठेवून टीपकागदावर सावलीत वाळवावेत. पाण्यात ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. तेवढ्या वेळात होणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवून ठेवावेत आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेसकटच स्कॅन करावा.

निगेटिव्हच्या पाकिटातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे. ती प्रक्रिया स्वतःच स्वतःला वेग देते आणि शेजारच्या फिल्मलाही बाधते, म्हणून असे रोल लगेच वेगळे करून सर्वांआधी स्कॅन करावेत.

तारीख कशी ठरवावी

फोटोच्या मागे तारीख नसली तरी फोटोतच पुरावे असतात. स्टुडिओच्या शिक्क्यातील पत्त्यात पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असा जुना विभाग-क्रमांक मात्र त्यानंतरही लोक लिहीत राहिले, त्यामुळे त्यावरून उलटा निष्कर्ष काढू नये. राष्ट्रीय सेवा योजनेचा फलक १९६९ पूर्वीचा असू शकत नाही. फलकावर 'कुलाबा जिल्हा' असेल तर तो बहुधा १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, तर पालघर २०१४ मध्ये झाले. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे, गोवा विद्यापीठ १९८५ चे. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ मध्ये मिळाले.

नावांवरून तारीख काढताना चळवळीच्या फोटोंत एक विशेष सावधगिरी लागते, आणि नामांतराच्या लढ्याइतके तिचे चांगले उदाहरण दुसरे नाही. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची आणि त्याचे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे नाव झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मात्र विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागावे म्हणून रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी ते नाव फलकांवर, भिंतींवर आणि पत्रकांवर सोळा वर्षे आधीपासून लिहिले होते. तेव्हा प्रवेशद्वारावरचे किंवा पदवीदान समारंभाच्या मंचावरचे नाव ही अधिकृत नोंद असते, तर मोर्चातल्या फलकावरचे नाव ही मागणी असते. फलकावर बाबासाहेबांचे नाव दिसले म्हणून फोटो १९९४ नंतरचा ठरवला, तर लढ्यातला फोटो विजयोत्सवाचा होऊन बसतो.

इतर खुणा साध्या आहेत. निगेटिव्हच्या कडेवर फिल्मचे नाव व क्रमांक असतो, रंगीत फोटोच्या मागे बहुधा कागद कंपनीचे नाव छापलेले असते, आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांत उमटलेली तारीख कॅमेऱ्यात चुकीची लावलेली असू शकते. एकाच खुणेवर विसंबू नये. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तर 'सुमारे' असे लिहून वर्ष द्यावे, नाही तर 'दोन वर्षांच्या दरम्यान' असा कालखंड द्यावा.

नावे विचारण्याची बैठक

हा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. ज्या फोटोंत माणसे सर्वांत जास्त आहेत आणि नावे सर्वांत कमी माहीत आहेत, ते आधी घ्यावेत. त्यांच्या ए-फोर किंवा ए-थ्री आकाराच्या प्रती काढून, प्रत्येक चेहऱ्याला प्रतीवरच क्रमांक द्यावा. वयस्कर माणसांना मोबाइलच्या पडद्यावर फोटो दाखवू नये. बोट ठेवता येईल असा कागद हातात असला की माणूस बोलू लागतो.

आधी एकेकाला स्वतंत्र भेटावे, मग एकत्र बैठक घ्यावी. एकत्र बैठकीत जुने पदाधिकारी बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात, असे जवळजवळ नेहमी होते. बायकांची बैठक वेगळी आणि त्यांच्या सोयीच्या वेळी, बहुधा दुपारी, ठेवावी. मोर्चातल्या बायकांची नावे पुरुष कार्यकर्त्यांना अनेकदा 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची मंडळी' एवढीच ठाऊक असतात. तिचे स्वतःचे नाव, माहेर आणि तिने त्या लढ्यात काय केले, हे शेजारची बाई सांगते. परितक्त्यांच्या, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या, चळवळीत काम केलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर सासरचे आडनाव लिहायचे की माहेरचे, हे तिलाच विचारावे. ती हयात नसेल तर तिच्या नात्यातल्यांना किंवा सहकारी स्त्रियांना विचारावे.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. 'हे अमुक भाऊ ना?' असे विचारले की समोरचा होकार देतो. त्याऐवजी आधी प्रसंग कोणता, मग जागा कोणती, मग तुम्ही कोठे होता, आणि शेवटी माणसे, असे विचारत जावे. जागा आठवली की पाठोपाठ माणसे आठवतात. परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि फोटोचा क्रमांक मोठ्याने उच्चारावा, म्हणजे ध्वनिफीत पुढे कोणत्या फोटोची आहे हा प्रश्न पडत नाही.

दोघांनी एकाच चेहऱ्याला दोन नावे दिली तर दोन्ही लिहावीत, कोणी केव्हा सांगितले ते लिहावे आणि पुढे 'निश्चित', 'बहुधा' किंवा 'एकाचे मत' अशी खूण करावी. आपल्याला पटलेले नाव ठेवून दुसरे खोडण्याचा अधिकार सूचीकाराला नाही. ज्या चेहऱ्याला कोणीच ओळखले नाही, त्यापुढे 'अनोळखी स्त्री, दुसरी रांग, डावीकडून चौथी' असे लिहावे. 'व इतर कार्यकर्ते' हे शब्द सूचीत कोठेही येऊ देऊ नयेत. ते लिहिले की पुढचा माणूस शोधणेच थांबवतो. कपड्यांवरून, कुंकवावरून किंवा गळ्यातल्या दागिन्यावरून कोणाची जात, धर्म किंवा वैवाहिक स्थिती ठरवून वर्णनात लिहू नये.

माणसांच्या आठवणींना कागदाची जोड शोधावी. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत समूहफोटोंखाली रांगेनुसार नावे छापलेली असतात, आणि चळवळीतली किती तरी मुले-मुली त्याच महाविद्यालयांतून आलेली असतात. संघटनेची पत्रके, परिषदांची हजेरीपत्रके, निमंत्रणपत्रिका, सरांची रोजनिशी, सत्यशोधक पद्धतीने लागलेल्या लग्नांच्या पत्रिका, या सर्वांतून नावे जुळतात.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक फोटोची स्वतंत्र नोंद करण्याआधी पूर्ण संग्रहाचे एक पानी वर्णन लिहावे : हा संग्रह कोणाचा, कोणाकडून आला, अंदाजे किती फोटो, कोणत्या काळातले, कोणत्या क्रमाने सापडले. मग खोके, मग पाकीट आणि मग एकेक फोटो असे उतरत जावे. वेळ कमी असेल तर पाकिटापर्यंतची नोंद पूर्ण करून थांबले तरी चालते. शंभर फोटोंची देखणी नोंद आणि बाकी दोन हजार फोटो अंधारात, ही स्थिती त्याहून वाईट आहे.

एका फोटोच्या नोंदीत क्रमांक, आकार, कृष्णधवल की रंगीत, तारीख, ठिकाण, प्रसंग, रांगेनुसार डावीकडून उजवीकडे नावे, छायाचित्रकार किंवा स्टुडिओ, फलकांवरील मजकूर, पाठीमागचा मजकूर, ओळख सांगणाऱ्याचे नाव आणि पाहण्यावर निर्बंध असल्यास तो, एवढे असावे. फोटोवर लिहिलेले आणि आपण शोधून काढलेले यांत भेद दिसला पाहिजे. म्हणून आपली भर चौकोनी कंसात टाकावी. मागचा मजकूर अशुद्धलेखनासह उतरवावा. ठिकाणाचे त्या वेळचे नाव आधी, आजचे नाव नंतर द्यावे : औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद, आता धाराशिव. गावाबरोबर तालुका हवाच, कारण एकाच नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

स्कॅनिंग

क्रम असा लावावा : प्रथम आंबट वास येणारी फिल्म, मग १९७० ते १९९० च्या दशकांतले रंग उडू लागलेले रंगीत फोटो, मग इतर निगेटिव्ह आणि शेवटी कृष्णधवल फोटो. चांगले धुतलेले कृष्णधवल फोटो योग्य जागी ठेवले तर फार काळ टिकतात, त्यामुळे त्यांची घाई नसते. निगेटिव्ह असेल तर छापील प्रतीपेक्षा तिच्यातून अधिक तपशील मिळतो, तरीही छापील प्रत टाकून देऊ नये. मागचा मजकूर तिच्यावरच असतो.

चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० पीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू), पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह सुमारे ४००० पीपीआयला, आणि कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीने स्कॅन करावा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा, शिक्के आणि शाई यांची खरी नोंद राहते. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवावी. ६०० पीपीआयला एका बाजूची फाइल सुमारे २६ एमबी होते, म्हणजे एक हजार फोटोंच्या दोन्ही बाजूंना साधारण ५२ जीबी जागा लागते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा फार नाही. पाठीमागे काही लिहिले असेल त्या प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. मूळ फाइलमध्ये ओरखडे पुसू नयेत, रंग 'सुधारू' नयेत आणि कृष्णधवल फोटोत यंत्राकडून रंग भरून घेऊ नयेत. चेहरा 'स्पष्ट' करणारी नवी साधने नसलेला तपशील निर्माण करतात, आणि ओळख पटवण्याच्या कामात ती सरळसरळ दिशाभूल आहे. दाखवण्यासाठी लहान जेपेग प्रत वेगळी करावी.

फाइलचे नाव खोके, पाकीट आणि फोटो यांच्या क्रमांकांचे असावे, वर्णन सूचीत असावे. प्रती तीन असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. दरवर्षी ठरलेल्या दिवशी तिन्ही उघडून पाहाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. ती प्रत जतनाची समजू नये.

हक्क, संमती आणि सुपूर्दगी

फोटो घरात आहे म्हणून त्याचा स्वामित्वहक्क घराचा होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार तो सामान्यतः फोटो काढणाऱ्याचा असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्याआधी तो प्रकाशनानंतर ६० वर्षे असे. म्हणून वृत्तपत्र-छायाचित्रकारांचे फोटो वेगळे नोंदवावेत आणि छापण्याआधी परवानगी घ्यावी.

कायद्याने मोकळे असलेले सगळेच फोटो सर्वांना दाखवण्यासारखे असतात असे नाही. परितक्ता किंवा देवदासी स्त्रियांच्या परिषदा, अत्याचारग्रस्त वस्त्यांतले पंचनामे, घरच्यांच्या विरोधात झालेली आंतरजातीय लग्ने, यांतल्या माणसांनी सरांवर किंवा बाईंवर विश्वास टाकून फोटो काढू दिला होता. तो विश्वास संग्रहाबरोबर पुढे येतो. असे फोटो नष्ट करू नयेत आणि खुलेही करू नयेत. त्यांवर 'संमतीनंतर' किंवा 'अमुक वर्षापर्यंत बंद' अशी नोंद करावी आणि कारण लिहावे. हयात स्त्रीने 'माझा फोटो नको' म्हटले तर चर्चा तेथेच संपते.

कोणत्या संस्थेला संग्रह द्यावा, हे संस्थेच्या नावापेक्षा तिच्याकडे काय सोय आहे यावर ठरवावे. स्त्रियांविषयीच्या साहित्यासाठी १९८८ पासून मुंबईत काम करणारे स्पॅरो हे अभिलेखागार, दिल्लीतील पूर्वीचे नेहरू स्मारक संग्रहालय (आताचे प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय), आपल्या विद्यापीठाचे ग्रंथालय, असे पर्याय असतात. भेट देऊन विचारावे : फोटो कोठे ठेवले जातात, सूची कोण करते, बाहेरच्या अभ्यासकाला किती सहज पाहता येतात, खेड्यातून आलेल्या सामान्य माणसाला आत सोडतात का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर मी तरी तेथे संग्रह देणार नाही. संग्रह भावंडांत, पक्ष-कार्यालयात आणि विद्यापीठात वाटू नये. मूळ फोटो एकत्र एका ठिकाणी आणि प्रती हव्या तेथे, हे सूत्र ठेवावे.

दानपत्र लेखी करावे आणि त्यात मूळ क्रम न मोडण्याची, निर्बंध पाळण्याची, कुटुंबाला व संबंधित गावांना विनामूल्य प्रती देण्याची अट घालावी. ज्या गावांत लढे झाले त्या गावांच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत क्रमांकित प्रतींचा एक संच आणि सोबत कोरी वही ठेवावी. संस्थेने वर्षातून एकदा ती वही मागवून तिच्यातली नवी नावे, सांगणाऱ्याच्या नावासह, मूळ सूचीत चढवावीत, हे कलम दानपत्रात स्वतंत्र क्रमांक देऊन लिहून घ्यावे आणि त्याची जबाबदारी संस्थेतल्या कोणत्या पदावरील व्यक्तीची आहे, तेही तेथेच नमूद करावे.